उजागरे उन्हाळी उठाव

१ जानेवारी २०२५, बुधवार

नवीन वर्ष, नवीन वही. संकल्प तीनच. एक, रोज पहाटे पाचला उठून प्रबंधावर दोन तास. दोन, चहात साखर बंद. तीन, गाईडचा फोन आला तर उचलायचा.

आज उठायला साडेसात झाले. काल चर्चमध्ये वर्षअखेरची उपासना होती, लांबली. कारण धार्मिक असल्यामुळे संकल्प मोडला असं धरत नाही. बायकोने, मरियमने, केक केला होता. केक म्हणजे चहा नव्हे.

ही वही कोणी वाचणार नाही, तरी शिस्त म्हणून मांडून ठेवतो. मी आमोस उजागरे, वय चोपन्न, भूगोलाचा प्राध्यापक, नगर. पीएच.डी.ला अकरा वर्षं झाली. घाईगर्दीत केलेलं संशोधन मला मान्य नाही. विद्यापीठाला घाई आहे, त्यांनी २८ मार्च ही शेवटची मुदत दिली आहे. त्यानंतर नाव रद्द.

शोध मात्र असा आहे की विद्यापीठच पुढे माझ्या नावानं ओळखलं जाईल. जामखेडच्या पलीकडे एका कोरड्या गावात एक विहीर आहे. बारा वर्षं, दर महिन्याच्या एक तारखेला, तिचं पाणी काठापासून किती खाली आहे हे मी मोजलं. (मोजलं म्हणजे तिथल्या लंकाबाईंकडून मोजून घेतलं. त्या कॅलेंडरवर रेघा मारतात, मी दर डिसेंबरात कॅलेंडर घेऊन येतो.) जगभर उन्हाळ्यात विहिरी आटतात. या विहिरीत भर उन्हाळ्यात, आभाळात ढग नसताना, पाणी दहा-बारा फूट वर येतं. दरवर्षी. जमिनीच्या पोटातला खडक तापून फुगतो आणि पाणी वर ढकलतो, असं माझं म्हणणं. नाव ठेवलं आहे 'उजागरे उन्हाळी उठाव'.

'डॉ. आमोस उजागरे' ही पितळी पाटी २०१९ सालीच करून घेतली. कपाटात आहे, वर्तमानपत्रात गुंडाळून.

१७ जानेवारी, शुक्रवार

नोटीस बोर्डावर कागद. संशोधकांसाठी टेक्निकल कम्प्युटिंग सॉफ्टवेअरचं मोफत प्रशिक्षण, फेब्रुवारीतले चार शनिवार, सकाळी दहा, आपलीच कम्प्युटर लॅब. चहा-नाश्ता मोफत. प्रमाणपत्रही मोफत. भाजीवाला कोथिंबीर फुकट देतो, मेथी नाही. यावरून काय ते समजावं.

माझा आलेख मी हातानं काढला आहे. ग्राफपेपर, एचबी पेन्सिल, आणि एक अखंड वळणदार रेघ. प्राचार्य बघून 'सुंदर' म्हणाले होते. आता गाईड म्हणतात, आलेख सॉफ्टवेअरमधूनच हवेत, नाहीतर सही नाही. गाईड माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहेत. माणसानं कोणापुढे वाकायचं याला काही मर्यादा आहे. जाणार नाही.

१८ जानेवारी, शनिवार

नाव नोंदवलं. शिकायला म्हणून नव्हे. लॅबमध्ये काय चालतं यावर कोणातरी सीनियर माणसाचं लक्ष हवं.

१ फेब्रुवारी, शनिवार

शिकवायला कोण, तर रोहिणी सानप. आपल्याच कॉलेजची, दहा वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. आई-वडील ऊसतोडीला जायचे, ही हॉस्टेलला राहायची. तेव्हा तोंडी परीक्षेत मी तिला सांगितलं होतं की फार प्रश्न विचारू नये, उत्तरं द्यावीत. आता पुण्यात पीएच.डी. करते आणि गावोगाव हे सॉफ्टवेअर शिकवत फिरते. सवय गेलेली दिसत नाही, पहिल्या तासात तिनं एकोणीस प्रश्न विचारले. मी मोजले.

तिनं मला पहिल्या रांगेत जागा ठेवली होती. मी तिसरीत बसलो. तिथून सगळ्यांवर लक्ष राहतं आणि आपला स्क्रीन कोणाला दिसत नाही.

सॉफ्टवेअर उर्मट आहे. काहीही लिहिलं की लाल अक्षरात उलटं बोलतं. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याशी लाल शाईत कोणी बोललेलं नाही, लाल शाई माझी असते. शेजारच्या मुलीने 'हेल्प'चं बटण दाखवलं. मी ते तत्त्वतः दाबत नाही.

वडापाव बरा होता.

२ फेब्रुवारी, रविवार

चर्चच्या पाळकसाहेबांनी उपासनेत माझ्या पीएच.डी.बद्दल देवाचे आभार मानले. सबमिशन व्हायचं आहे हे त्यांना सांगायचं राहिलं. मंडळी उभी राहून बघत होती, अशा वेळी मध्येच बोलणं बरं दिसत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

बारा वर्षांच्या नोंदी टाईप करून झाल्या. १४४ आकडे, दोन बोटं, तीन दिवस. सन २०२० चे बारा आकडे मी एरवी वगळतो, कारण त्या साली कोविडमुळे माणसांचंच डोकं ठिकाणावर नव्हतं, विहिरीचं काय घेऊन बसलात. पण टाईप केले. पाठ्यक्रम अर्धवट शिकवायची मला सवय नाही.

साखर तात्पुरती सुरू केली आहे. मेंदूला लागते.

८ फेब्रुवारी, शनिवार

माझे १४४ आकडे सॉफ्टवेअरने घेतले नाहीत. कारण मी ते मराठीत टाईप केले होते. मी लॅबमध्ये उभा राहून विचारलं की शून्याचा शोध कोणी लावला. रोहिणीने एक ओळ लिहिली आणि पाऊण मिनिटात सगळे आकडे इंग्रजी करून दिले. तिला पाऊण मिनिट लागलं, मला तीन दिवस. कष्ट कोणाचे जास्त हे यात आलंच.

मग ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला, तर सगळे आकडे स्क्रीनवर धावत सुटले आणि थांबेनात. मागची पोरं हसली. त्यांना एवढा डेटा कधी बघायला मिळालेला नसतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज माझा दिवस. रोहिणीने विचारलं, सर, तुमचा आलेख प्रोजेक्टरवर दाखवू का, सगळ्यांना शिकायला मिळेल. मी परवानगी दिली. शर्ट इस्त्रीचा होता, हे बरं झालं.

आलेख आला. माझ्या ग्राफपेपरवर जिथे डौलदार वळण आहे, तिथे या सॉफ्टवेअरने सरळ भिंत उभी केली. एका महिन्यात पाणी साडेनऊ वावांवरून साडेसात वावांवर. (दोन्ही हात पसरले की एक वाव. गावात दोर असाच मोजतात. प्रबंधाच्या परिशिष्टात मी एक वाव म्हणजे सहा फूट असं दिलं आहे. माझे स्वतःचे हात मरियमच्या शिवणाच्या टेपने मोजले, पाच फूट अकरा आले, सहा धरले.) म्हणजे बारा फूट, आणि तेही एका उडीत. मी सांगितलं की सॉफ्टवेअरला नजाकत नसते.

रोहिणी बघत राहिली. मग तिनं दर वर्षीच्या उडीचा महिना बाजूला काढला. एरवी एप्रिल किंवा मे. दुष्काळात, २०१६ साली, मार्चमध्येच. २०२२ ला थेट जूनमध्ये. २०२० लाही जूनमध्ये. मी म्हणालो, पाण्यालाही स्वभाव असतो. पोरं हसली. दाद होती.

रोहिणी हसली नाही. हळूच म्हणाली, "सर, पाणी मोजतं कोण?"

मी सांगितलं, लंकाबाई म्हणून एक विश्वासू बाई आहे. तिनं विचारलं, बाराही महिने त्याच का? मी म्हणालो, हा वर्ग सॉफ्टवेअरचा आहे, लंकाबाईंचा नाही. वडापाव न घेता निघालो. नंतर भूक लागली, पण परत गेलो नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

बाराही महिने त्याच का, म्हणजे काय? लंकाबाई काय सहा महिने लंडनला असतात? हा माझ्या संशोधनाचा अपमान आहे. ऊसतोड्याची पोरगी शिकून मोठी झाली याचा मला आनंदच आहे, पण उद्या ती न्यूटनला विचारेल, सफरचंद कोणी हलवलं.

निर्णय: लंकाबाईंकडून लेखी आणायचं. 'बारा वर्षं, बाराही महिने, मीच मोजते.' खाली अंगठा, तारीख. पुढच्या शनिवारी प्रोजेक्टरवर लावणार.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. एसटीने जामखेड, पुढे जीप. दोन वाजता पोचलो.

गाव निम्मं बंद. दारांना कुलपं. दर डिसेंबरात येतो तेव्हाही अशीच असतात, लोक शेतात असतील असं मी धरून चालतो. लंकाबाई शेळीला पाला घालत होत्या. चहा टाकला. मी म्हणालो, एकदा माझ्यासमोर मोजा. बारा वर्षांत मोजणी प्रत्यक्ष पाहायची वेळ आली नव्हती, २०१३ साली मीच करून दाखवली होती.

त्यांनी दोराला दगड बांधून विहिरीत सोडला, दोर जिथे ओला झाला तिथे चिमटीत धरून वर ओढला, आणि हात पसरून मोजू लागल्या. एक वाव, दोन वाव. लंकाबाई माझ्या खांद्यालाही लागत नाहीत. हे मला बारा वर्षांपासून माहीत आहे. आज दिसलं.

पिशवीत पोलादी टेप होती. त्यांचे पसरलेले हात मोजले. चार फूट आठ इंच.

ठीक आहे, म्हटलं. माप लहान असलं तरी बारा महिने तेच असेल तर उठाव खोटा ठरत नाही. विज्ञान असं एका टेपने पडत नाही. मी कागद काढला आणि लेखी द्यायचं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "बारा म्हैनं मी कशी मोजीन, सर? वैजनाथ घरी असला की त्योच मोजतो. मला हिरीत वाकायचं भ्याव वाटतं."

वैजनाथ त्यांचा मुलगा. दिवाळी झाली की बायकोला घेऊन ऊसतोडीला जातो, ते कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप बंद होईपर्यंत. मग येतो. आला की एक तारखेला दोर सोडतो. मी विचारलं, उंचीला किती आहे. त्यांनी दाराच्या चौकटीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, हितनं वाकून येतो. हात माझ्यापेक्षा हातभर लांब.

लांब हातांनी मोजलं की वाव कमी भरतात. पाणी तिथेच असतं. मला हे पाचवीतल्या मुलानंही सांगितलं असतं.

मी २०२० चं विचारलं. त्यांना लगेच आठवलं. "त्या साली करूनात त्याला गावात येऊ दिलं न्हाई. शाळंत ठिवलं हुतं. मी लांबनं भाकर ठिवून यायची. लई उशिरा घरी आला."

मग स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, "मला आपलं वाटायचं, सर, लेकरू घरी आलं की हिरीला बी कळतं. पानी चढतं."

मी कागद घडी करून पिशवीत ठेवला. लेखी घेतलं नाही. टेप त्यांच्याकडे ठेवली आणि सांगितलं की यापुढे दोर हिनंच मोजायचा, कोणीही असो. त्यांनी ती कौतुकानं दोनदा आत-बाहेर करून पाहिली.

परतताना जीपमध्ये रडू आलं. सगळे अनोळखी होते, त्यामुळे चाललं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गेलो. न जाणं म्हणजे हार. शेवटच्या रांगेत बसलो, प्रकाशाची तिरीप डोळ्यांवर येत होती म्हणून.

वर्ग सुटल्यावर रोहिणीने एक प्रिंट हातात दिली. माझ्या उड्यांचे महिने, आणि शेजारी त्या भागातली माणसं ज्या कारखान्यांना जातात ते बंद व्हायचे महिने. तिनं ते वडिलांना विचारून काढले होते. २०२० सोडून अकराही जुळत होते. २०२० ला तिनं हातानं लिहिलं होतं, 'आमचे आईबापही शाळेत होते.'

ती म्हणाली, सर, मी कोणाला सांगणार नाही, डेटा तुमचा आहे. पण हे पाण्याचं नसलं तरी कशाचंतरी आहे, आणि असं बारा वर्षांचं कोणाकडे नसेल. मी तिला सांगितलं की बारा हा नमुना फार लहान असतो. आणि माझ्याकडे काय आहे ते मला माहीत आहे.

प्रमाणपत्र मिळालं. 'सहभाग'.

३ मार्च, सोमवार

ठरलं. सबमिट करणार. गाईडने दुसऱ्या प्रकरणापुढे वाचलेलं नाही. परीक्षक समास मोजतात, वाव नाही. रोहिणीने शब्द दिला आहे. लंकाबाईंचा तर उठावावर माझ्याहून जास्त विश्वास आहे. पाळकसाहेबांनी आभार मानलेले परत कसे घेणार? शिवाय अकरा वर्षं. चोपन्न वय. पाटी. जगात याहून खोटे प्रबंध कपाटात सुखानं पडून आहेत, त्यांच्याकडे आधी बघा म्हणावं.

सहा फूट हा आकडा परिशिष्टात आहे. परिशिष्ट कोणी वाचत नाही.

१२ मार्च, बुधवार

बाईंडिंग झालं. पाच प्रती, गडद लाल, सोनेरी अक्षरं. मरियम शाळेत शिकवून आल्यावर एक प्रत चाळत बसली. म्हणाली, गावाला गेला होता, त्या बाई काय म्हणाल्या ते सांगितलंच नाहीत. मी थोडक्यात सांगायचं ठरवलं आणि सगळं सांगून बसलो. शाळा, भाकर, सगळं.

तिनं प्रत मिटून टेबलावर ठेवली. "अहो, बारा वर्षांत तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, कोण मोजतं म्हणून?"

मी म्हणालो, तक्त्यात तो रकाना नव्हता. तक्ता कोणी आखला होता, असं तिनं विचारलं नाही. चांगली बाई आहे.

२८ मार्च, शुक्रवार

सबमिशन होऊ शकलं नाही. कारणं नोंदवून ठेवतो.

सकाळी सातच्या गाडीनं पुण्याला निघालो. मांडीवर पाच प्रती. सुप्याला चहासाठी गाडी थांबली. उजेडात बघितलं तर बाईंडिंगचा रंग चुकलेला. मी लाल सांगितला होता, हा अगदीच कळकट. असल्या रंगात प्रबंध देणं म्हणजे विद्यापीठाचा अवमान. विचार करेपर्यंत गाडी गेली. मग दुसरी गेली. तिसरीत जागा होती, पण तिचा कंडक्टर मला उद्धट वाटला. दुपारी एक वाजता नगरकडची गाडी मिळाली, ती रिकामी होती.

चार वाजता गाईडचा फोन. उचलला. म्हणजे जानेवारीतला एक संकल्प पूर्ण झाला. ते म्हणाले, सर, ऑफिस साडेपाचपर्यंत उघडं आहे, मी थांबवतो त्यांना. मी म्हणालो, मोजणीत चूक आहे, देणार नाही. त्यांनी तब्येतीचं विचारलं. मी सांगितलं, ठणठणीत.

खरं कारण रंग. पण फोनवर रंगाचं काय बोलायचं.

३० मार्च, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, आभार मानलेले वाया जात नाहीत. मला पटलं नाही, पण वाद घातला नाही.

२ एप्रिल, बुधवार

मोफत प्रशिक्षणाची पुढची बॅच जूनमध्ये. फॉर्म ऑनलाईन भरला. 'अनुभव' या प्रश्नाखाली तीन चौकटी होत्या. 'नवशिका'ला टिक केली. बाकीच्या दोन नीट दाबल्या जात नव्हत्या.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी लंकाबाईंचा फोन. यंदा कारखाने लवकर बंद झाले. वैजनाथ परवा आला, एक तारखेची मोजणी राहिली होती म्हणून आज सकाळी त्यानं दोर सोडला. मोठ्यानं बोलत होत्या, जणू मी विहिरीच्या पलीकडे उभा आहे. "सर, दोन वाव चढलं बगा."

मी विचारलं, टेपने मोजलं का. त्या म्हणाल्या, टेप वैजनाथने छपरावरच्या पत्र्याचं माप घ्यायला नेली आहे. विहिरीला हात आहेतच की.

चूक समजावून सांगायला मी तोंड उघडलं होतं. नियम मीच घालून दिला होता, तो मोडला गेला होता, आणि असल्या गोष्टी मी खपवून घेत नाही. मागून वैजनाथ कोणाशीतरी हसत बोलत होता. मी म्हणालो, चढायचंच, लंकाबाई. कॅलेंडरवर रेघा मारून ठेवा.

मोजणीची वही काढली. तारीख, साडेसात वाव. शेजारी परवाच पट्टीने एक नवा रकाना आखला आहे, 'मोजणारा'. त्यात लिहिलं, वैजनाथ. बारा वर्षांत हे नाव माझ्या नोंदीत पहिल्यांदाच आलं. अक्षर चांगलं आलं आहे.